किडा न लागणारी पोती

पाइपाच्या कारखान्यातून दोन जातींची रिकामी पोती निघत. मोठी पोती पावडरीची. ती मालक मागेल त्याला देऊन टाकी. कुणी त्यांत शेणखत भरी, कुणी गोठ्याला आडोसा करी, कुणी पोराच्या डोक्यावर पावसात खोळ म्हणून घाली. लहान पोती मात्र कुणाला द्यायची नाहीत, असा मालकाचा हुकूम होता. रिकामी झाली की मागच्या खोलीत टाकायची आणि खोलीला कुलूप घालायचं.

आता मालक कसा, तर चहात माशी पडली तरी ती पिळून मग टाकणारा. असा माणूस जे देत नाही ते चांगलंच असणार, हे आळीनं कधीच ताडलं होतं. आणि पोतं खरंच चांगलं होतं. वरून घट्ट वीण, आत जाड प्लास्टिकची पिशवी, आणि शिवण अशी की बैलानं ओढली तरी उसवायची नाही.

कारखान्यातल्या मिक्सरवाल्यानं पहिलं पोतं घरी आणलं ते पोटाला गुंडाळून, वरून सदरा घालून. बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

"अहो, दिवस गेलेत की काय तुम्हाला?"

"गप. मालकाच्या नाकावर टिच्चून आणलंय. झाड नीट, धू, आणि धान्य भर त्यात."

तिनं पोतं अंगणात उलटं करून काठीनं झोडपलं. पिठासारखी पांढरी पूड उडाली. लेक त्या धुरळ्यात गोल गोल फिरली. मग ओढ्यावर नेऊन पोतं दोनदा धुतलं, उन्हात वाळवलं, धान्य भरून तोंड सुतळीनं आवळलं. पावसाळा सरता सरता आळीत घरोघरी धान्यात किडे वळवळू लागले. बायका सुपं घेऊन उंबऱ्यावर बसल्या. हिच्या पोत्यात मात्र एक दाणा पोखरलेला नव्हता.

शेजारची शिंपीण येऊन कोपरापर्यंत हात घालून बघून गेली. "काय घालतेस गं यात? औषध?"

"औषध कशाला? पोतंच तसं आहे."

तिथून सुरू झालं. संधी सापडेल तसा मिक्सरवाला पोटाला पोतं बांधून आणी, बायको ते झाडून-धुऊन कुणाला तरी देई. शिंपीण लेकीचे झगे शिवून देऊ लागली. गिरणीवाली हिचं दळण रांग मोडून आधी टाकी. आळीनं तिचं नाव 'पोतेवाली' ठेवलं आणि तिला ते आवडलं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती कुणाची तरी सून आणि कुणाची तरी बायको होती. आता तिची म्हणून एक गोष्ट झाली होती.

यंदा विहिरी लवकर आटल्या. जो तो दूरच्या पाण्याकडे धावू लागला आणि पाइपांना कधी नव्हे एवढी मागणी आली. कारखान्याच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टर उभे राहात. यंत्र थांबेना. मालकानं आळीतल्या बायकांनाही कामाला बोलावलं. पोतेवाली आवारात पाइपांचे भारे बांधू लागली.

चहा द्यायच्या निमित्तानं ती पत्र्याच्या शेडमध्ये जाई आणि नवऱ्याचं काम बघे. मैद्याहून बारीक पांढरी पावडर तो मिक्सरमध्ये ओती. वर कॅल्शियम, थोडं मेण, चिमूटभर रंग. शेवटी लहान पोत्यातला स्टॅबिलायझर. हे पोतं आकारानं लहान, पण उचलायला जावं तर कंबर मोडावी. भांडं गरगरायला लागलं की झाकणाच्या फटीतून धुरळा निघे आणि भुवयांवर, मिशांवर, चहाच्या पेल्यात बसे.

"हे एवढंसं नाही टाकलं तर?" तिनं एकदा विचारलं.

"मग पावडर तापली की जळते. आधी गुलाबी, मग तपकिरी, मग कोळसा. असा वास सुटतो की डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतं. लोखंडाला गंज चढतो त्या वाफेनं." तो खुशीत आला. आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की त्याला बरं वाटे. "हे टाकलं की मात्र पन्नास वर्षं उन्हात पडला तरी पाइपाला काही होत नाही. गंज नाही, वाळवी नाही. काडी लाव, पेटत नाही. काडी काढली की आपला आपण विझतो."

पुढे यंत्राच्या पोटात दोन स्क्रू फिरत. पावडर त्यांच्यात मळली जाऊन कणकेसारखी होई आणि दुसऱ्या तोंडानं मऊ, गरम नळी बाहेर येई. पाण्याच्या हौदातून सरकता सरकता ती कडक होत जाई. करवत खाली येई आणि पाइप धपकन मांडणीवर पडे. कालपर्यंत पीठ असलेली गोष्ट आज खांद्यावर घेतली तर काठीसारखी टणटणे, याचं तिला रोज नवल वाटे.

लेकीला सगळे टकळी म्हणत. डोळा उघडल्यापासून मिटेपर्यंत तिचं तोंड चाले. शाळेत घातल्यावर बाईंनी निरोप पाठवला होता, हिला कधीमधी घरी ठेवा, आम्हालाही दोन शब्द शिकवू द्या. घरात भरलेली पोती म्हणजे तिचं सिंहासन होतं. त्यांवर बसायचं, सुतळी सैल करून मूठभर दाणे काढायचे, चघळत चघळत आजीला गोष्ट सांगायची.

त्या उन्हाळ्यात टकळी थांबली. पोट धरून बसे. चार-चार दिवस परसाकडे जात नसे. जेवायला बसली की ताट सरकवी.

"जंत आहेत," सासू म्हणाली. "कच्च्या कैऱ्या खाते, दुसरं काय?"

कंपाउंडरनं जंतांचं औषध दिलं. मग उन्हाचं दिलं. पोरगी फिकट होत गेली. एक दिवस पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. आईनं म्हटलं, "काढ बरं तुझं नाव." तिनं पहिलं अक्षर काढलं आणि पुढे काय, ते तिला आठवेना. वर बघून ती हसली. आईनं पाटी तिच्या पुढ्यातून काढून घेतली.

त्याच सुमाराला मिक्सरवाल्याचं उजवं मनगट खाली पडू लागलं. मूठ वळे, पण पंजा वर उचलला जाईना. चहाचा पेला हातातून निसटला तेव्हा आवारातल्या बायका हसल्या.

"दादा, हात मोडला की काय? बायको फार कामाला लावते वाटतं!"

तोही हसला. पोती उचलून उचलून शीर दबली असेल, म्हणाला. सुपरवायझरनं हे दुरून बघितलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका माणसाला मिक्सरवर शिकायला उभं केलं. मिक्सरवाला डाव्या हातानं उजवं मनगट धरून, दोन माणसांचं काम एकटा केल्यासारखं दाखवत राहिला. बायकोला ते भारे बांधता बांधता दिसत होतं. तिनं मान खाली घातली.

मग ती दुपार आली. सासू जेवणाचा डबा आणि नातीला घेऊन आवारात आली. टकळी पाइपांच्या ढिगाजवळ उभी राहिली. पाइपाच्या एका टोकाला तोंड लावून दुसऱ्या टोकाशी असलेल्या माणसाला हाक मारायची, हा तिचा जुना खेळ. आईनं मुद्दाम दुसऱ्या टोकाला कान लावला. हाक आली नाही. आधी दात करकरल्यासारखा आवाज आला. मग पलीकडे काहीतरी पडलं.

ती धावली तेव्हा पोरगी पांढऱ्या पाइपांवर ताणून वाकली होती. डोळे वर गेलेले, तोंडाला फेस, टाचा पाइपांवर टकटक आपटत होत्या. पाइप पोकळ. तो आवाज सगळ्या आवारात घुमत होता. यंत्रावरची माणसंसुद्धा बाहेर आली. सासू हातातल्या डब्यासकट मटकन खाली बसली.

कुणीतरी पाइप भरून निघालेला ट्रॅक्टर रिकामा केला. त्यातून पोरीला तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे झटके थांबले, पण पोरगी जागी झाली नाही. तिच्या हाताला सलाईन लावलं होतं. मिक्सरवाल्यानं डाव्या हाताच्या दोन बोटांत ती पारदर्शक नळी धरून चाचपली.

"हीपण आपलीच," तो हळूच म्हणाला. "हीच पावडर. फक्त मऊ केलेली."



रक्ताच्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाईंनी तिघांना आत बोलावलं. बाई तरुण होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"घरात जुन्या बॅटऱ्या फोडता? रंगाचं काम? काही वितळवता?"

"नाही हो."

"तुम्ही काय करता?"

"पाइपाच्या कारखान्यात. मिक्सरवर."

"हात पुढे करा. दोन्ही. मनगट वर उचला."

डावा पंजा थोडा उठला. उजवा लोंबत राहिला. बाईंनी टॉर्चनं त्याच्या हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी निळसर रेघ होती. नवऱ्याच्या तोंडात अशी रेघ आहे, हे पोतेवालीला आजवर दिसलं नव्हतं. आता एवढ्या लांबून दिसली.

"मुलीच्या रक्तात शिसं आहे. फार आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्याही असणार. तुम्ही त्या कामावर आहात, तुमचं समजतं. मुलगी कारखान्यात जाते?"

"डबा द्यायला. कधीमधी."

"तेवढ्यानं एवढं चढत नाही. तिच्या पोटात रोज काहीतरी जातंय. पाणी कुठलं? भांडी कसली? धान्य कशात साठवता?"

धान्याचं नाव निघालं आणि सवयीनं पोतेवालीची मान ताठ झाली. "धान्याची काळजी नको, डॉक्टरबाई. आमच्या धान्याला किडासुद्धा लागत नाही."

"का लागत नाही?"

"आमची पोतीच तशी..." ती बोलू लागली आणि बोलता बोलता तिला आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा ऐकू यायला लागला. लहान पोती. आत जाड पिशवी. स्टॅबिलायझर. झाडून, धुऊन. वाक्य तिनं पुरं केलं नाही. नवरा जमिनीकडे बघत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"स्टॅबिलायझर म्हणजे शिशाचंच पीठ असतं बऱ्याच ठिकाणी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "धुऊन ते विणीतून जात नाही. किडा मरतो तो आवळलेल्या पिशवीत हवेवाचून. पण तुम्ही मात्र ते खात होतात."

"डॉक्टरीण," सासूनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मी तिला मुठीनं दाणे द्यायचे. बस आणि खा म्हणायचे."

"औषधानं बरंचसं बाहेर काढता येतं. काढतोय आपण. पण डोक्यावर झालेला परिणाम किती भरून येईल, ते आज मी सांगू शकत नाही." त्यांनी तिघांकडे बघितलं. "आणखी कुणी खातं का त्या पोत्यांतलं?"

सासूनं सुनेकडे बघितलं. सुनेनं सासूकडे.

"आळी," पोतेवाली म्हणाली.

"सगळ्यांना घेऊन या. लहान मुलं आधी."

बाहेर पडवीत सुपरवायझर येऊन उभा होता. मालकानं पाठवलं होतं. मिक्सरवाल्याला बघताच त्यानं आधी आपली बाजू सांगून टाकली. "पोती न्यायची नाहीत, हे तुम्हाला मी दहादा सांगितलं होतं. नव्हतं सांगितलं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"तुम्ही विकता म्हणून नाही म्हणता, असं वाटलं." मिक्सरवाल्याचा आवाज अगदी साधा होता. "का न्यायची नाहीत, ते कुठे सांगितलं होतं?"

सुपरवायझरनं खिशातला रुमाल काढला, तोंड पुसलं आणि परत ठेवला. "मलाही नव्हतं सांगितलं," तो म्हणाला. त्याच्याच घरी त्यातली तीन पोती होती, हे मग कळलं.

नवऱ्याला पोरीजवळ ठेवून पोतेवाली सासूसह परतली आणि थेट शिंपिणीच्या दारात गेली. शिंपीण शिवणयंत्रावर होती.

"काकू, ते पोतं द्या. त्यातलं काही शिजवू नका. विष आहे त्यात. टकळी त्यानंच पडली."

शिंपिणीचा पाय यंत्रावरून निघाला नाही. "बस आधी. पोरगी कशी आहे?"

"शुद्धीवर नाही. काकू, पोतं."

"मालकानं पाठवलंय ना तुला?"

"कोण मालक?"

"अगं, मला काय शिकवतेस? चोरी उघडकीला आली. आता माल परत करा, नाहीतर नोकरी जाईल, असं म्हणाला असेल. तो माशी पिळणारा तुझ्या तोंडून विष म्हणून वदवतोय."

"पोर दवाखान्यात टाकून मी खोटं बोलायला आलेय?"

"पोर उन्हानं पडलं, हे सगळ्या आवारानं बघितलंय." शिंपिणीनं दोरा दातानं तोडला. "आणि विष असतं तर मी मेले नसते? वर्ष होत आलं खातेय."

गिरणीवालीनं तर दारातूनच वाटेला लावलं. "दिलेली वस्तू परत मागतात होय? दळण पहिलं टाकून घेताना नाही आठवलं विष?" सुताराची सून तान्ह्या पोरीला पाजत ओट्यावर बसली होती. ती नुसती उठून आत गेली आणि कडी लावून घेतली. ऊन उतरेपर्यंत पोतेवाली दारोदार फिरली. तिच्या मागोमाग आळीत पोती हलत होती. कुणाच्या बाजेखाली, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या सरपणाआड. ती ज्या खुबीनं पोती लपवत असे, तीच खुबी आता तिच्याविरुद्ध वापरली जात होती.

घरी येऊन ती भिंतीला पाठ लावून बसली. घरात धान्यानं भरलेली पोती तशीच उभी होती. त्यांतल्या एकावर पोरीच्या बुडाचा खळगा होता.

"ऐकत नाहीत," ती म्हणाली.

"मी तरी ऐकलं असतं का?" सासू म्हणाली. "मीही म्हटलं असतं, मालकाची चाल आहे."

सकाळी आळी पाण्याला निघायच्या वेळी पोतेवालीनं पहिलं पोतं उंबऱ्यावरून ओढलं. ते भरलेलं होतं, तिला उचलेना. सासूनं दुसरं टोक धरलं. ही बाई जमिनीवर सांडलेला दाणा नखानं वेचणारी होती. ताटात शीत टाकलं तर नातवंडाला उपाशी उठवणारी. दोघींनी पोतं फरफटत आळीच्या तोंडाशी नेलं. विहिरीसाठी खणून सोडून दिलेला कोरडा खड्डा होता, त्याच्या काठावर आडवं केलं, विळ्यानं उभं फाडलं.

वर्षाचं धान्य सळसळत खाली गेलं.

डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका थांबल्या.

दोघी परत गेल्या. दुसरं पोतं आणलं. तिसरं. सासूला धाप लागली, तरी ती मधे बसली नाही. सांडलेल्या दाण्यांवर कोंबड्या धावत आल्या, तशी म्हातारी खराटा उचलून त्यांच्या अंगावर धावून गेली. "शुक! शुक! मरा, पण इथे नको!" आणि तिथेच वाकून ओक्साबोक्शी रडू लागली. रडता रडताही खराटा चालूच होता.

कुणी हसलं नाही. मालकाच्या भीतीनं माणूस पोतं परत करील, खोटं बोलील, पाया पडेल. मालकाच्या भीतीनं कुणी वर्षाची बेगमी खड्ड्यात ओतत नाही. ते आळीला कळत होतं. पोतेवालीनं शेवटचं पोतं रिकामं केलं, आतली जाड पिशवी बाहेर ओढून काढली, तीही फाडली आणि फावड्यानं माती लोटू लागली. शेजारच्या घरातून शिंपिणीचं यंत्र सुरू झालं, दोन टाके पडल्याचा आवाज आला आणि थांबलं.

पहिली शिंपीणच आली. पोतं ओढत. तिनं पोतेवालीच्या तोंडाकडे बघितलं नाही. काठावर उलटं केलं आणि रिकामं पोतं हातात धरून उभी राहिली, आता हे कुठे टाकायचं ते न कळल्यासारखी.

"माझे दोन्ही नातू यातलंच खातात," ती म्हणाली. "धाकट्याचं पोट दुखतं. मी त्याला मारलं काल. शाळा चुकवतो म्हणून."

मग गिरणीवाल्याच्या घरून पोतं आलं. मग आणखी दोन.  नुसता दाणे पडल्याचा आवाज येत होता.

सुताराच्या घराची कडी निघाली. सून बाहेर आली ती पोत्याशिवाय. कडेवर तान्ही पोर होती. ती भरभर चालत खड्ड्यापाशी आली आणि पोतेवालीच्या अगदी जवळ येऊन थांबली. 

"वहिनी, पोतं हे आणतायत मागून. मला एवढंच सांगा. ही अजून काही खात नाही. नुसती माझ्या अंगावर पिते." तिनं पोरीला कडेवर सावरलं. "मी खाल्लं ते हिच्यात उतरलं असेल का हो?"

  पोर पोतेवालीकडे झेपावली, तसे तिचे हात आपोआप पुढे झाले. मग तिला आपले हात दिसले. बोटांच्या रेघारेघांत, नखांत, मनगटापर्यंत पांढरट धूळ होती.

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"तूच घे तिला," ती म्हणाली. "चल. दवाखाना मी दाखवते."